मोहाचा लाडू

परीक्षा जवळ आली की काही मुलींचं तोंड थांबत नाही आणि काहींचं उघडत नाही. नंदुरबारच्या त्या वसतिगृहात देवाने दोन्ही नमुने एकाच खोलीत घातले होते. नवापूरच्या डोंगरातली प्रिस्किला एक सूत्र पाठ झालं की मूठभर शेंगदाणे खायची आणि नाही झालं तर दोन मुठी. भाविकाच्या घशाखाली मात्र घास उतरायचा नाही. चहा आणि त्यात बुडवलेला टोस्ट, तोही अर्धा, एवढ्या बळावर ती रसायनशास्त्राशी झुंजायची.

ह्याच विषयाने गेल्या वेळी तिचा घात केला होता. खरं तर विषयाचा काही दोष नव्हता. उत्तरं येत होती, पेन पळत होतं आणि मधेच डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आली तेव्हा शिपाई तोंडावर पाणी मारत होता आणि अर्धा पेपर कोरा होता. विषय राहिला. घरी तिने सांगितलं, पेपर अवघड होता. आता तो पुन्हा द्यायचा होता आणि ह्या वेळीही राहिला तर वर्ष जाणार होतं.

तिची आई जसोदाबाई कळसाडीहून सकाळच्या एसटीने रोज डबा पाठवायच्या. ड्रायव्हर तो नंदुरबारच्या स्टँडवर द्यायचा आणि आदल्या दिवशीचा रिकामा डबा परत न्यायचा. रिकामा म्हणजे अगदी रिकामा नव्हे. भांडं रितं परत करायचं नाही, ही घरची रीत. म्हणून भाविका त्यात आठवणीने चिमूटभर साखर घालायची. डबा खायची प्रिस्किला. डबा चाटूनपुसून येतो म्हणून जसोदाबाई खूश होऊन एकेक भाकरी वाढवत गेल्या आणि इकडे प्रिस्किलाचे ड्रेस तिला घट्ट होत गेले.

पेपरच्या आदल्या दिवशी भाविका पुस्तकातून उठेना, म्हणून रिकामा डबा घेऊन स्टँडवर प्रिस्किला गेली. साखर चहात संपली होती. मग तिने आपल्या आईने पाठवलेल्या लाडवांतले दोन डब्यात ठेवले. मोहाची फुलं भाजून, तीळ घालून वळलेले. तिला वाटलं, काकू खूश होतील.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने डबा दिलाच नाही. त्याने नुसतं मागे बोट दाखवलं. डब्याची पिशवी छातीशी धरून जसोदाबाई स्वतःच उतरत होत्या.

"तोंड उघाड," त्या भर स्टँडवर म्हणाल्या.

"माय, लोक देखी ऱ्हायनात!"

"देखू दे. डबामा मोहाना वास येस. तू दारू पी ऱ्हायनी का?"

जसोदाबाईंच्या माहितीत मोहाचा तेवढा एकच उपयोग होता. भाविकाला हसावं की रडावं कळेना. तिच्यासोबत आलेली प्रिस्किला घाबरून पुढे झाली. "काकू, मी हिच्या खोलीत राहते. ते लाडू मीच ठेवले. खायचे असतात ते."

"तू? मंग डबा कोन खास?"

प्रिस्किलाला खोटं बोलता येत नसे. "मीच. ही काहीच खात नाही, काकू. मागच्या पेपरला त्यानेच तर चक्कर आली."

झालं! आता आई सामान बांधून गावी नेणार, भाविकाने मनाशी ठरवूनच टाकलं. पण जसोदाबाई मटकन बाकावर बसल्या. लेकीचा उतरलेला चेहरा त्यांनी आत्ता कुठे नीट पाहिला.

"मन्ही पोर उपाशी, आनि मी रोज खूश!"

ते ऐकून भाविकाला भरून आलं. "पोटमा गोळा येस, माय. घास जास नही. तुले काळजी नको म्हनून..."

जसोदाबाई रागावल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी फडक्यात बांधलेला लाडू काढला. तो त्यांनी पुरावा म्हणून आणला होता. प्रिस्किला अजिजीने म्हणाली, "एकदा खाऊन तर बघा." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, चोरी केल्यासारखा एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिल्या.

"गोड शे," त्या शेवटी म्हणाल्या. मग उठल्या, पदर खोचला आणि फलाटाच्या कडेने नेटाने चालून आल्या. "देख, मी सरळ चाली ऱ्हायनू ना?"

भाविका खो खो हसत सुटली. पोटातला गोळा कुठे गेला कुणास ठाऊक. तेवढ्यात आईने उरलेला लाडू तिच्या उघड्या तोंडात कोंबला आणि तो चक्क खाली उतरला. त्यावर चतकोर भाकरीही गेली.

दुपारी पेपर लिहिताना ती अंधारीची वाट पाहत होती. अंधारी आलीच नाही. उलट पोटात कावळे असे ओरडले की पुढच्या बाकावरच्या मुलीने वळून पाहिलं. भाविकाने शेवटचा प्रश्नही पुरा लिहिला.

फाटकाबाहेर निंबाखाली आई आणि प्रिस्किला खेटून बसल्या होत्या. पेपर कसा गेला, हे विचारायची दोघींना हिंमत नव्हती.

"माय, भूक लागनी!"

जसोदाबाईंचा चेहरा फुलला आणि लगेच पडला. त्यांनी प्रिस्किलाकडे पाहिलं. प्रिस्किलाने जमिनीकडे.

"तुझ्या पेपरचं आम्हालाच एवढं टेन्शन आलं," प्रिस्किला पुटपुटली.

भाविकाने डबा उघडला. भाकरीचा तुकडाही उरला नव्हता. तळाशी फक्त चहावाल्याकडून मागून आणलेली चिमूटभर साखर होती.