खंडेनवमीला उतरवलेली जाळी

मिरजगावच्या फाट्यावर माझं मोटारदुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, चार पत्रे आणि त्यांच्यामागे आमचं बिऱ्हाड. लढाई संपून वर्ष उलटलं तरी नवी मोटार कुणाला मिळत नव्हती, पेट्रोल कुपनावर होतं, आणि जुनी धुडं ओढूनताणून पळवायची हौस मात्र सगळ्यांना होती. त्यामुळे रोज कुणी ना कुणी बोंबलत यायचंच. मला विसावा एकाच दिवशी, खंडेनवमीला. त्या दिवशी पाने, पक्कड, पेचकस, हातोडी सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि दुसऱ्या दिवशी सोनं लुटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. हत्यारं बसली की मीही आडवा होतो. उजव्या खांद्याचं दुखणं आता हाडात मुरलंय. वर्षभर मी त्या एका झोपेची वाट बघतो, खोटं कशाला बोलू?

तेव्हाही पूजा झाली. लंकानं, म्हणजे माझ्या बायकोनं, नैवेद्याची डाळ चुलीवर चढवली आणि मी बाजेवर अंग टाकलं. डोळा लागतोय न लागतोय तोच फुसफुसत, वाफा सोडत एक मोटार दारात येऊन थांबली. शेजारच्या गावचे बागायतदार काकासाहेब स्वतः चालवत होते. मागे त्यांची नवी लग्न झालेली लेक आणि जावई. पहिल्या दसऱ्याला दोघांना गावी न्यायचं म्हणून नगरच्या एका वकिलाची गाडी मागून आणलेली.

"गोरख, ऊठ. पानी उकळाय लागलंय."

"हत्यारं बसलीत, काकासाहेब. उद्या सोनं लुटलं की या."

"पूजा हत्यारांची झालीय, तुजी कुटं झालीय? हात हायत न्हवं? का त्येबी पाटावर मांडलेत?"

जावई घाम पुसत कडुनिंबाखाली जाऊन बसला. त्याच्यासमोर सासऱ्याची शोभा व्हायला नको, म्हणून मी उठलो. मनातून मात्र सगळ्यांना शिव्या घालत होतो.

बॉनेट उघडल्यावर दुखणं कळलं. वाटेत लोकांनी रस्त्यावरच बाजरी मळायला पसरली होती. हे साहेब तिच्यावरून ऐटीत गाडी घालत आलेले. सगळं भूस पुढच्या जाळीतून आत गेलं आणि रेडिएटरवर लिंपल्यासारखं बसलं. वाराच लागत नाही, तर पाणी उकळणार नाही तर काय? जाळीच्या फटी इतक्या अरुंद की करंगळीसुद्धा आत जाईना. जाळी उतरवण्यावाचून इलाज नव्हता.

"ओरखडा पडू दिऊ नगं बाबा," काकासाहेब म्हणाले. "वकील भिंग लावून बगतो. फुडं मला दारात उबा करायचा न्हाई."

जाळी दिसायला दणकट, पण असते नाजूक. एका अंगाला ओढली की दुसऱ्या अंगाची पट्टी वाकते, आणि एकदा वाकली की पहिल्यासारखी होत नाही. मी दिव्याच्या बाटलीतलं घासलेट पिसानं प्रत्येक पेचाला लावलं आणि मुरू दिलं. वरचे पेच ढब्बू पैशाच्या कडेनं फिरवले. बाजूच्या चाक्या, म्हणजे नट, फडकं धरून बोटांनी सोडवल्या, नखं निघायची बाकी राहिली. खालच्या दोन चाक्या मात्र गंजून धरलेल्या, आणि तिथं बोट पुरेना.

"उचल की पाना," काकासाहेब वैतागून म्हणाले. "देवी काय बगाय येतीय व्हय?"

"देवी न्हाई बगत, बायकू बगती."

बोलताना नजर चुलीकडे गेली. लंकाच्या हातात सांडशी होती. सांडशीला कधी कुणी पाटावर बसवत नाही. मी मागितली.

"अवो, डाळ उतरवायची हाय."

"आत्ता देतो."

सांडशीच्या तोंडाला चिंधी गुंडाळली, पोटावर पालथा पडलो आणि खालून चाकी धरली. खांद्यातून कळा येत होत्या. दोन्ही चाक्या सुटल्या तेव्हा जाळी थोडी या बाजूनं, थोडी त्या बाजूनं मोकळी केली, खाली हात दिला आणि अलगद वर उचलून आमच्या गोधडीवर ठेवली. काकासाहेबांनी नाक टेकवून तपासली. ओरखडा नव्हता. मग मागच्या अंगानं पाणी मारून भूस काढलं, जाळी होती तशी बसवली. ऊन कलायला लागलं होतं.

गाडी सुरू झाल्यावर काकासाहेब खूश होऊन म्हणाले, "बरं झालं कळलं, हत्याराबिगर बी तुजं काम आडत न्हाई. आता नवमीला बी येत जाऊ!"

ते हसत निघून गेले. मला रडू यायचं बाकी होतं. चांगलं काम करून मी स्वतःचीच सुट्टी घालवून बसलो होतो. तणतणत आत गेलो.

"वर्सातला येक दिस, त्योबी गेला! आता समद्या तालुक्याला कळंल."

लंका वाटीभर पाण्यात बोटं बुडवून बसली होती. डाळ करपायला लागली म्हणून तिनं पातेलं पदरानं उतरवलं होतं. दोन बोटांना टरटरून फोड आले होते.

"हाक का न्हाई मारलीस?"

"मारली की दोनदा. तुमी गाडीखाली हुता."

मला फार वाईट वाटलं. पण गोड बोलणं मला कधी जमलं नाही. मी सांडशी स्वच्छ धुतली, पाटावर पान्यांशेजारी ठेवली, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. म्हटलं, हसेल तरी.

लंकानं पाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पुजली?"

"व्हय."

"मंजी उद्या सोनं लुटंपतूर हात लावायचा न्हाई."

"अगं, पन सांजच्या भाकरी? उद्याचं पुरान?"

"हत्याराबिगर बी तुमचं काम आडत न्हाई म्हनं," ती म्हणाली आणि माझ्या बाजेवर जाऊन आडवी झाली. भाजलेला हात तिनं तेवढा बाहेर ठेवला, तोंडावर पदर ओढला. बाळंतपणं सोडली तर तिला दिवसाउजेडी आडवी झालेली मी कधी बघितली नव्हती.

पिठाचा डबा कुठे असतो ते विचारायला मी वळलो, तर तिला झोप लागली होती.