देव तोलणारा काटा

"आहे!" चारशे माणसं एका सुरात ओरडली, आणि डावं पारडं खाली गेलं.

दोन्ही पारडी रिकामी होती. डाव्या पारड्याला 'आहे' अशी चिठ्ठी चिकटवलेली होती, उजव्याला 'नाही' अशी. प्रश्न एकच, देव आहे की नाही? ज्या प्रश्नावर माणसांनी हजारो वर्षं डोकी फोडली, आणि अधूनमधून एकमेकांचीही फोडली, तो आमच्या सभागृहात रविवारी सकाळी साडेदहा वाजता दीड मिनिटात निकाली निघाला. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. माझ्या शेजारचा पोस्टमन टोपी काढून उभा राहिला. पंखे बंद ठेवल्यामुळे सगळे घामाने निथळत होते, पण तक्रार कुणाचीच नव्हती. वाऱ्याने पारडं हललं असं उद्या कुणी म्हणायला नको! प्रयोग शास्त्रीय होता ना.

प्रयोग करणाऱ्या गृहस्थांना लोक पुरावाबाबा म्हणत. दाढी नाही, जटा नाहीत. डॉक्टरसारखा पांढरा कोट आणि खिशाला तीन पेनं. ती तीन पेनं कशाला लागत, ते देवच जाणे, आणि देव असल्याचं तर नुकतंच सिद्ध झालं होतं.

"श्रद्धा ठेवा असं मी म्हणतो का?" बाबा माईकवर गरजले. "मुळीच नाही! श्रद्धा ठेवायला सांगणारे भोंदू असतात. मी म्हणतो, पुरावा बघा! तराजूला भक्ती कळत नाही, तराजूला वशिला चालत नाही. तो फक्त तोलतो. आता मला सांगा, खोटं कोण बोलतंय? मी? की गुरुत्वाकर्षण?"

गुरुत्वाकर्षणाला खोटं ठरवायला कोण उठणार? उठले ते तर्कशास्त्राचे प्राध्यापक. ते विवेकवादी मंडळाचे अध्यक्ष. मंडळाचे सभासद अकरा, त्यातले तिघे एकमेकांशी बोलत नाहीत. बाबांनीच त्यांना वादविवादाचं जाहीर आव्हान दिलं होतं.

"ज्याची व्याख्याच निश्चित नाही," प्राध्यापक म्हणाले, "त्याचं अस्तित्व सिद्ध करता येत नाही, आणि असिद्धही करता येत नाही. शिवाय सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते."

हेच त्यांनी पंचवीस मिनिटं सांगितलं. त्यातलं अक्षरही चूक नव्हतं आणि अक्षरही कुणाला कळलं नाही. एवढा विद्वान माणूस, पण पंचवीस मिनिटं तराजूकडे पाठ करून उभा होता.

"सर, तुमचं सगळं मान्य," बाबा गोड हसून म्हणाले. "आता जरा मागे वळून बघा." आणि पुन्हा चारशे गळ्यांतून 'आहे' निघालं, आणि पुन्हा डावं पारडं खाली. टाळ्यांच्या कडकडाटात प्राध्यापक खाली बसले.

मी मात्र टाळ्या वाजवायचं विसरलो होतो. माझा धंदा तराजू आणि काटे दुरुस्त करण्याचा. तीस वर्षं परवाना आहे. किराणा दुकानदारापासून सोनारापर्यंत सगळ्यांचे काटे माझ्या हाताखालून गेलेत. खरा काटा आधी डोलतो. थोडा इकडे, थोडा तिकडे, आणि मग कुठे थांबतो. हा डोललाच नाही. क्षणभर रेंगाळला, आणि मग गेला तो गेलाच. वजन रिकाम्या पारड्यात पडावं तसा नाही, तर दांडीलाच झोप लागून ती कलंडावी तसा.

पण मी काही देवाच्या पुराव्याची चौकशी करायला तिथे गेलो नव्हतो. मला भाचीने ओढून नेलं होतं.

"मामा, आईने इन्सुलिन बंद केलंय," ती आदल्या दिवशी दुकानात येऊन म्हणाली होती. "तीन आठवडे झाले. मला काल कळलं."

ताईला साखरेचा आजार अठरा वर्षांचा. त्यातच दोन महिन्यांपूर्वी चप्पल चावून उजव्या पायाला जखम झालेली, ती भरत नव्हती. अशात ती पुरावाबाबांकडे गेली. कारण बाबांचा काटा केवळ देवाचा निकाल लावून थांबत नसे. देव एकदा हजर झालाच आहे, तर त्याला रिकामा कशाला बसवा? सभेनंतर लोक रांग लावून आपापले प्रश्न तोलून घेत. मुलगी या स्थळी द्यावी की नाही? नोकरी सोडावी की नाही? ताईने विचारलं, इन्सुलिन घ्यावं की नाही? 'नाही'चं पारडं खाली गेलं.

सभा संपल्यावर आम्ही दोघं तडक तिच्या घरी गेलो. ती पाय स्टुलावर ठेवून बसली होती. पट्टीला वास येत होता.

"ताई, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

"तू गप्प बस. काट्याने सांगितलंय नको म्हणून."

"अगं, काटा काय डॉक्टर आहे?"

"डॉक्टर चुकतात. काटा चुकत नाही. लहानपणापासून तूच सांगत आलायस ना मला हे?"

"सगळेच काटे सारखे नसतात. कुणी तपासलाय तो?"

ताई माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी मुद्दाम वेड पांघरतोय. "कुणी म्हणजे? तूच! चष्मा लावून बघितलंय मी. खाली बैठकीवर तुझ्या दुकानाचा शिक्का आहे. म्हणून तर प्रश्न विचारला. नाहीतर मी काय कुणाच्याही काट्यावर विश्वास ठेवते होय?"

मी खुर्चीत बसलो. मला आठवलं. वर्षभरापूर्वी एक गोडबोल्या माणूस पितळी तराजू तपासायला घेऊन आला होता. शाळेच्या प्रदर्शनात ठेवायचाय म्हणाला. काटा चोख होता, बारीकशा वजनालाही डोलत होता. "फक्त शिक्का खाली बैठकीवर मारा हो," तो म्हणाला, "दांडीची चकाकी जाईल. आणि तुमच्या हातचा शिक्का म्हणजे शोभाच की." आमच्या धंद्यात शिक्का दांडीवरच मारायचा असतो. कारण तोलते ती दांडी, बैठक नव्हे. नवशिक्यालाही पहिल्या दिवशी हेच शिकवतात. पण कौतुकाने मी फुगलो, आणि शिक्का मारला बैठकीवर. बैठक माझी राहिली, दांडी मागाहून कुणीही बदलावी! कुणाकुणाला मी भोळसट म्हणत फिरतो, आणि स्वतः काय केलं होतं?

"ताई, तो शिक्का खोटा आहे," मी म्हणालो.

"तुझा नाही?"

"माझा आहे, पण खोट्या जागी आहे."

"हे तू चारचौघांत सांग, मग बघू," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. आमची ताई हट्टी. तिला समजावण्यापेक्षा पाट्यावरवंट्याला समजावणं सोपं. भाचीने त्याच दिवशी डॉक्टरांना घरी आणलं. ताईने जखम धुऊ दिली, सुई मात्र टोचून घेतली नाही. डॉक्टर जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "आठवड्याच्या आत हिला माझ्याकडे आणा. नंतर आणलंत तर मला पाय बघावा लागेल, साखर नाही."

म्हणून पुढच्या रविवारी मी पहिल्या रांगेत बसलो होतो. ताई माझ्या शेजारी, काठी टेकून. चारचौघांत सांगायचं ठरलंच होतं, फक्त संधी हवी होती. ती बाबांनीच दिली. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं की शिक्केवाला बसलाय. माणूस यशाने माजला की स्वतःच्या पायावर किती प्रेमाने धोंडा पाडून घेतो बघा.

"बंधुभगिनींनो! शंका घेणाऱ्यांनी म्हणावं की हा तराजू बाबाचा! पण नाही! याच्यावर शिक्का आहे, आणि शिक्का मारणारे कारागीर आज इथे हजर आहेत. या, या, वर या! सांगा लोकांना, शिक्का तुमचाच ना?"

मी वर गेलो. वाकून बैठकीवरचा शिक्का बघितला. "माझाच," मी म्हणालो. टाळ्या. "आणि ज्याचा शिक्का, त्याने काटा कधीही तपासावा, अशी आमची रीत आहे. तपासू ना?"

चारशे डोकी हललेली बाबांना दिसत होती. ते हसले. "हो हो, अवश्य!" पण एक पेन त्यांनी खिशातून काढून पुन्हा खिशात ठेवलं.

पारडी स्थिर राहावीत म्हणून अशा तराजूला एक खटका असतो. तो फिरवला की दांडीखालचे दोन आधार खाली जातात आणि दांडी मोकळी होते. दर वेळी तो खटका बाबाच फिरवत. या वेळी मी फिरवला, आणि उजव्या बाजूचा आधार केसभर आधी जाईल असा फिरवला.

"बोला सगळे!" मी म्हणालो.

"आहे!" चारशे माणसं ओरडली, आणि 'नाही'चं पारडं धाडकन खाली गेलं.

पहिले भानावर आले ते प्राध्यापक. ते तिसऱ्या रांगेतून उडी मारूनच उठले. "सिद्ध झालं! देव नाही! मित्रहो, सिद्ध झालं!" मंडळाच्या अकरा सभासदांनी जोरदार टाळ्या वाजवल्या, न बोलणाऱ्या तिघांनीसुद्धा.

"सर, बसा," मी म्हणालो. "इतक्यात नाही." दांडी पुन्हा आधारावर घेतली, खटका दुसऱ्या बाजूने फिरवला. कुणी हूं की चूं केलं नाही, तरी 'आहे' खाली गेलं. पुन्हा फिरवला, 'नाही' खाली गेलं. देव दोन मिनिटांत गेला, आला आणि पुन्हा गेला. प्राध्यापक उभेच होते, बसावं की नाही हे त्यांना कळेना.

"स्पंदनं बिघडली!" बाबा ओरडले. "अविश्वासू हात लागला! काट्याची ऊर्जा—"

"मागच्या रविवारी तर काट्याला भक्ती कळत नव्हती," खालून पोस्टमन म्हणाला. लोक हसले. त्या हसण्याने निम्मं काम केलं.

मी दांडी उतरवली आणि माईकजवळ धरून तिरकी केली. आतून काहीतरी जड सरकल्याचा आवाज सभागृहभर घुमला. टोकाची पितळी टोपी पिळून काढली आणि टेबलावरच्या काचेच्या बशीत दांडी ओतली. चंदेरी पारा घरंगळत बशीत जमला. "हात लावू नका, विषारी असतो," मी म्हणालो आणि बशी झाकली. "दांडी पोकळ आहे. आत पारा भरलाय. दांडी ज्या बाजूला जराशी कलते, तिकडे पारा धावतो आणि ते पारडं खाली नेतो. आधी कोणत्या बाजूला कलायचं, ते खटका फिरवणाऱ्याचं बोट ठरवतं. लबाड दुकानदारांची ही फार जुनी युक्ती आहे. ते यात गिऱ्हाईक बुडवायचे, यांनी देव बुडवला."

मग मी ताईकडे बघून सांगितलं, कारण तिच्यासाठीच तर वर चढलो होतो. "ही दांडी मी तपासलेली नाही. शिक्का दांडीवर मारायला हवा होता, मी स्तुतीला भुलून बैठकीवर मारला. ती चूक माझी आहे. माझ्या शिक्क्याकडे बघून ज्यांनी ज्यांनी इथे प्रश्न विचारले, त्यांनी ती उत्तरं आजच फेकून द्यावीत. औषध बंद केलं असेल तर आजच सुरू करावं."

बाबा तोवर मागच्या दाराने गेले होते. कोट खुर्चीवर राहिला, पेनं नेली.

"पण मग," प्राध्यापक चाचरत म्हणाले, "देव आहे की नाही?"

"सर, ते मागच्या वेळी तुम्हीच नीट सांगितलंत की. आहे असं सिद्ध होत नाही, नाही असंही होत नाही. आज तुमच्या बाजूचं पारडं पडलं तेव्हा तुम्हालाही तो काटा खरा वाटला, एवढंच." ते खाली बसले. आता त्यांच्याकडे बघून हसायचं माझ्या जिवावर आलं. माझ्या बाजूचं पारडं पडलं असतं, तर मी तरी दांडी हलवून बघितली असती का?

ताई काठी टेकत उठली. "चल, दवाखान्यात," म्हणाली. वाटेत एकच बोलली. "तू शिक्का चुकीच्या जागी मारलास, मी प्रश्न चुकीच्या जागी विचारला. आता रडत बसू नकोस."

आम्हाला उशीर झाला होता. पाय वाचला, दोन बोटं गेली. मला त्याचा राग आजही येतो, बाबाचा आणि माझा, दोघांचा. ताई सकाळी उठून अजून हात जोडते, मी जोडत नाही, आणि त्यावरून आमचं काही अडत नाही. सुई वेळेवर टोचली की नाही, एवढंच मी फोन करून विचारतो.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या. त्यांची जाऊ रोज येऊन सांगायची, अमुक ठिकाणी एक माणूस आहे, नुसता हात फिरवतो, साखर उतरते, कशाला हे डॉक्टरांचे फेरे? चौथ्या दिवशी ताईने पायावरची चादर बाजूला केली.

"बघ," ती त्या जावेला म्हणाली. "पाच होती, तीन राहिलीत. तुझ्या त्या माणसाकडे हिला न्यायचंच असेल तर ने बाई. पण गेलीस की आधी साखर मोजायला सांग, त्याने हात फिरवल्यावर परत मोजायला सांग, आणि दोन्ही वेळा मोजणारा त्याचा माणूस नसू दे. नाही म्हणाला, तर देवाचं नाव घे आणि तिथून सरळ डॉक्टरकडे ये."