आई कोणाच्या कागदावर

"एकशे अकरा विषम की सम, तेवढं सांगा," चिन-फूने टेबलावर बोट आपटलं. "विषम ना? मग आई माझी."

"दादा, दोन हजार बावीस. सम. आई माझी," धाकटा चिन-हुआंग म्हणाला.

करखात्याच्या त्या टेबलाशी त्यांची बहीण यून-शिआही बसली होती. बावीस साली नववर्षाच्या जेवणाला, आई समोर मासा चिवडत असताना, या दोघांनी तिची वाटणी केली होती. करसवलतीसाठी आईचं नाव विषम साली थोरल्याने लावायचं, सम साली धाकट्याने. थोरला सरकारी शाळेत, तो तैवानच्या सरकारी रिवाजाने प्रजासत्ताकाची सालं मोजतो; त्यात दोन हजार बावीस म्हणजे एकशे अकरा. धाकटा परदेशी कंपनीत, तो इंग्रजी. कोणाची सालं धरायची, हे विचारायचं मात्र दोघा शहाण्यांना सुचलं नाही. पहिल्याच वर्षी दोघांनीही आई लावली आणि नोटीस आली. आईच्या आजारपणात तैपेईहून यायला ज्यांना कधी गाडी मिळाली नाही, ते दोघे आज सकाळी आठलाच आईच्या गावी, युआनलिनला हजर. आईला जाऊन सात महिने झाले होते.

"आई राहायच्या कुठे?" कारकून बाईंनी विचारलं.

दोघांनी यून-शिआकडे पाहिलं. ती मोज्यांच्या कारखान्यात होती. सकाळी आईला रताळ्याची पेज भरवून जायची, दुपारच्या सुट्टीत डायपर बदलायला सायकलवर घरी यायची. तिच्या पगाराला कर लागत नव्हता, म्हणून वाटणीत तिला कोणी विचारलंच नाही.

"आई कोणा एकाच्याच नावावर लागेल, त्याला बाकीच्यांनी सह्या द्या," बाई म्हणाल्या. "नाही जमलं तर जी सोबत राहिली तिचा हक्क."

"ताई, सांग ना, मी दर महिन्याला यायचो," धाकट्याने लाडीगोडी लावली.

"तिला कशाला मध्ये घेतोस?" थोरला म्हणाला. "तिच्या कागदावर आई फुकट जाईल."

यून-शिआला किळस आली. भांडण करण्याच्याही लायकीचे नव्हते हे.

"जाऊ दे फुकट," ती म्हणाली. "मीही फुकटच केलं. बाई, मला कागद द्या."

"तुम्हाला यातून काही सुटणार नाही हो."

"माहितीये."

भाऊ परतीच्या गाडीची वेळ बघू लागले. यून-शिआने आईचं नाव लिहिलं. वर तिचा स्वतःचा पत्ता होताच; आईच्या पत्त्याच्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' लिहिलं असतं तरी चाललं असतं. तिने गल्लीपासून मजल्यापर्यंत सगळा पत्ता पुन्हा लिहून काढला.