दवाखान्याच्या खिडकीमागची सूची

मित्रांनो, मी एक जुनी सूची आहे, पण कागदावरची नव्हे. मला वास नाही, वजन नाही, दोरा नाही की पुठ्ठा नाही. मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत एक यंत्र घुमत असते. त्याच्या मेमरीत माझा मुक्काम. वीज गेली की मी मरते आणि आली की पुन्हा घडवली जाते. मरणाशी माझी एवढी ओळख झाली आहे की ते आता दार न वाजवताच आत येते. म्हातारपणी जरा मीठमसाला लावायची सवय जडते, तेव्हा ऐकताना चार ठिकाणी हसून सोडून द्या. पुढे एका जागी मी काही लावणार नाही, ते तुम्हाला आपोआप कळेल.

मला घडवले संगणक विभागातल्या बाईंनी. त्यांचा चष्मा नेहमी कपाळावर असे आणि त्या तो टेबलावर शोधत असत. दुसऱ्यांना हवे ते चुटकीसरशी सापडावे म्हणून झटणाऱ्या या बाईंना स्वतःच्या कपाटाची किल्ली काही कधी सापडली नाही.

दवाखान्यात आलेल्या रुग्णांचा एक मोठा तक्ता त्या यंत्रात होता. माणूस येईल तशी खाली एक ओळ वाढायची: आडनाव, नाव, वय, वॉर्ड, खाट. कोणाला शोधायचे तर पहिल्या ओळीपासून वाचत सुटायचे. म्हणून बाईंनी मला केले. मी माणसांना जागचे हलवत नाही. कोण कितव्या ओळीत आहे एवढेच मी धरून बसते, पण क्रमाने. आधी आडनाव बघते. आडनाव एकच असेल तर नाव. तेही जुळले तर वय.

हा क्रम ठरताना बरीच हुज्जत झाली. मोठ्या डॉक्टरांचे म्हणणे, पहिला रकाना वॉर्डाचा हवा. सगळे कामकाज वॉर्डावरच चालते. बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"वॉर्ड तुम्हाला ठाऊक असतो, डॉक्टरसाहेब. चौकशीच्या खिडकीवर येणाऱ्याला फक्त आपल्या माणसाचं नाव ठाऊक असतं."

आणि खरेच, वॉर्ड पहिला असता तर नुसते नाव घेऊन आलेल्याला माझा काडीचा उपयोग नव्हता. ज्या रकान्याने माझी सुरुवात होते, तोच ठाऊक नसेल तर मी ठार आंधळी.

शोधायची माझी रीत तुमच्या ओळखीची आहे. शब्दकोशात शब्द पाहताना तुम्ही पुस्तक मधोमध उघडता, शब्द अलीकडे की पलीकडे ते बघता आणि उरलेला अर्धा भाग पुन्हा मधोमध उघडता. मीही तेच करते, फक्त बोटाला थुंकी न लावता. खिडकीवरचे काका माझे फार कौतुक करत. एका माणसाने म्हणे पाण्याचा पेला तोंडाला लावता लावता बायकोचे नाव सांगितले आणि घोट गिळायच्या आत तिची खाट कळली, तर त्याला ठसकाच लागला. पुढे काकांच्या गोष्टीत त्या पाण्याचा चहा झाला, आणि मी असेपर्यंत त्याचा बहुधा काढा होईल. पण एक वाक्य ते कधी बदलत नसत: "आमचं यंत्र चुकत नाही."

चुकत नव्हतेच. त्याची किंमत मात्र मोजावी लागे. नवा रुग्ण आला की त्याला माझ्यात त्याच्या नेमक्या जागी बसवायचे आणि त्याच्या मागच्या सगळ्यांना एकेक पाऊल सरकवायचे. एरवी हे कोणाच्या लक्षातही येत नसे. बाईंनी एक खूणही ठेवली होती. खूण सरळ असेल तर सूची क्रमवार आहे, खुशाल मधोमध उघडा. क्रम मोडला तर खूण उलटी करायची. मग यंत्र शहाण्यासारखे सगळा तक्ता पहिल्यापासून वाची, हळूहळू का होईना.

बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या तेव्हा शहरात साथ आली. पाणी बाधले. फाटकापासून रस्त्याच्या वळणापर्यंत माणसे बसली होती, कोणी भिंतीला टेकून, कोणी कोणाच्या मांडीवर. नावनोंदणीच्या टेबलावर यंत्र एकेका नावाला अडू लागले. बाईंच्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बसत. ते जिना नेहमी दोन दोन पायऱ्यांनी चढत, म्हणून सगळे त्यांना वादळ म्हणत. त्यांनी रांग पाहिली आणि ठरवले, नवी नावे सध्या नुसती शेवटी टाकत जाऊ, दुपारी एकदम क्रम लावू. खूण मात्र त्यांनी सरळच ठेवली. उलटी केली असती तर खिडकीही अडली असती, आणि तिथेही नातेवाईक ताटकळत होतेच.

रांग भराभर आत गेली. त्या दिवशी काही जीव नक्की त्यामुळे वाचले, हेही मला सांगायला हवे. मग स्ट्रेचर उचलायला हात कमी पडले आणि वादळ बाहेर धावले. दुपार झाली. ते माणसे वाहत राहिले. माझ्या शेपटाशी नावांचा ढीग वाढत गेला, न लावलेला.

त्याच दुपारी एक वयस्कर बाई दुसऱ्या गावाहून बसने उतरून खिडकीशी आल्या. हातात पिशवी, पिशवीत धुतलेला सदरा. त्यांचा धाकटा भाऊ घड्याळे दुरुस्त करायचा, एकटाच राहायचा. शेजाऱ्यांनी त्याला सकाळी इथे आणल्याचे फोनवर कळवले होते. साथीमुळे आत जायला वॉर्डाची चिठ्ठी लागे, आणि नाव सापडल्याशिवाय चिठ्ठी मिळत नसे. त्यांनी आडनाव, नाव, वय सांगितले, माझ्याच क्रमाने.

मी मधोमध उघडले, अलीकडे वळले, पुन्हा मधोमध. त्याच्या जागेपाशी बरोबर पोहोचले. तिथे त्याच्या आडनावाची इतर माणसे खेटून बसली होती. तो नव्हता. त्याची जागा रिकामी दिसली असती तर कोणाला शंका आली असती. पण सूचीत रिकामी जागा दिसतच नाही, मित्रांनो. तो शेपटाच्या ढिगात होता. ढिगाकडे बघायचे मला कोणी सांगितलेच नव्हते.

"नाहीत हो ताई इथं," काका म्हणाले.

"नीट बघा ना. शेजाऱ्यांनी हेच नाव सांगितलं दवाखान्याचं."

"गडबडीत शेजारी चुकतात. आमचं यंत्र चुकत नाही."

काका वाईट माणूस नव्हते. त्यांनी नदीपलीकडच्या दवाखान्याचा पत्ता नीट समजावला, कोणती बस ते सांगितले, जवळचे पाणीही दिले. ताई गेल्या. तिथे भाऊ असणार कुठून? तिथून त्या तिसऱ्या ठिकाणी गेल्या, आणि शेवटी पाय ओढत पुन्हा आमच्याच खिडकीशी आल्या. ऊन उतरले होते. मधल्या काळात वादळांना आठवण झाली होती. घामाने भिजलेल्या अंगानेच त्यांनी क्रम लावून टाकला होता. काकांनी तेच आडनाव, तेच नाव, तेच वय घातले आणि मी तत्काळ सांगितले: तिसरा मजला, खिडकीकडची खाट.

चिठ्ठी लिहायच्या आधी काकांनी वर फोन केला. पलीकडून सिस्टर जे म्हणाली ते ऐकून त्यांनी रिसीव्हर ठेवलाच नाही, टेबलावर तसाच टाकला. मग खिडकी सोडून ते बाहेर ताईंपाशी आले. भाऊ तासाभरापूर्वी गेला होता. ताई आली का, असे तो सारखा विचारत होता. खालून निरोप आलेला नाही, एवढेच सिस्टर सांगू शकली होती.

ताई रडल्या नाहीत. खिडकीच्या कठड्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पण मी होते की इथे. दुपारी इथेच तर उभी होते."

मला नाव, वय, वॉर्ड, खाट यांपलीकडे काही येत नाही.

बाई परत आल्या तेव्हा वादळ त्यांच्यासमोर मान खाली घालून बसले. त्यांनी काहीच लपवले नाही. बाईंनी पडद्यावर त्या दिवसाच्या नोंदी उघडल्या.

"दारात माणसं पडली होती, भाऊ. नावं मीही शेवटीच टाकली असती. फक्त खूण उलटी केली असती."

"खिडकी हळू चालली असती."

"चालू द्यायची होती."

त्या दिवशी बाईंनी मला एक नवी शिकवण दिली. नाव सापडले तर लगेच सांगायचे. सापडले नाही, तर गप्प राहून सगळा तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, आणि मगच 'नाही' म्हणायचे. त्यामुळे मी मंद झाले. लोक कुरकुरतात. माझे 'नाही' येईपर्यंत त्यांची एक जांभई पूर्ण होते, दुसरीही येते. मोठ्या डॉक्टरांनी नवे यंत्र मागवले आहे. त्यात माझ्या जागी माझ्याहून चपळ कोणीतरी येईल, आणि त्या दिवशी वीज गेल्यावर मला पुन्हा कोणी घडवणार नाही. वादळ आता जिना एकेक पायरीने चढतात. ते बघवत नाही.

मित्रांनो, माझ्या जागी जी येईल तिची निगा राखा. तिचा क्रम मोडला तर तो मोडला आहे असे तिला सांगा. लाजू नका, लपवू नका. आणि ती कितीही हुशार निघाली तरी तिच्या 'नाही'वरून कोणाला दारातून परत पाठवू नका. आमचे काका आता तो शब्दच उच्चारत नाहीत. मी सगळा तक्ता वाचून नाही म्हटले, तरी ते खिडकीवर दुसऱ्या कोणाला बसवतात आणि समोरच्या माणसाला म्हणतात, "बसा जरा. मी वर बघून येतो." त्यांचे गुडघे दुखतात. तरी ते प्रत्येक मजल्यावर जातात, प्रत्येक खाटेपाशी थांबतात आणि पडलेल्या माणसाला त्याचे नाव विचारतात.