उशिराचा हात

माझ्या भाऊजींना दोन गोष्टींचा अभिमान आहे. एक त्यांचा डावा हात आणि दुसरी माझी बहीण. नंबर याच क्रमाने आहेत, हे बहिणीलाही माहीत आहे.

भाऊजी ड्रम शिकवतात. टायरच्या दुकानावर एक खोली भाड्याने घेतलीय, तिथे त्यांचा क्लास चालतो. खाली हवा भरायच्या मशीनची धडधड, वर यांची. मी सुतार. मला ड्रममधलं ओ की ठो कळत नाही. पण बहिणीचं लग्न झाल्यापासून त्यांच्याकडे जेवायला बसलो की पहिल्या घासापासून एकाच माणसाचं कौतुक ऐकावं लागतं. हा माणूस एका जुन्या रॉक बँडचा ड्रमर. आमच्या आईबापांच्या तरुणपणी त्या बँडने धुमाकूळ घातला होता म्हणे. क्लासमध्ये सगळे त्याला ‘निवांत’ म्हणतात. कारण गाणं कितीही पळत असलं तरी त्याचा डावा हात किंचित उशिराच पडतो.

“गाणं दारात येऊन उभं राहतं,” भाऊजी डोळे मिटून सांगायचे, “आणि हा आतून म्हणतो, आलो आलो!”

नुसतं ऐकून भागलं असतं तर ठीक. निवांत डाव्या काठीला रबराची पट्टी गुंडाळतो, म्हणून भाऊजींच्याही काठीला पट्टी. निवांत मांड्यांमधला तो चपटा ड्रम, स्नेअर म्हणतात त्याला, स्वतःकडे तिरका करून ठेवतो, म्हणून क्लासमधले सगळे ड्रम तिरके. मी एखादं कपाट इतकं तिरकं बसवलं तर गिऱ्हाईक मला दारात उभं करणार नाही. पण हे बोलायची सोय नव्हती. निवांतबद्दल ब्र काढला की भाऊजी ताटावरून उठायचे.

आणि माझं नशीब बघा, निवांतच्याच घरी मला कपाटाचं काम मिळालं.

मला आधी पत्ताच नव्हता. दार उघडलं ते एका किडकिडीत म्हाताऱ्या काकांनी. कपाट मागच्या खोलीत हवं होतं, आणि त्या खोलीत तो ड्रमसेट मांडलेला. लाल चमकीचा, खिडकीकडच्या बाजूने उन्हाने विटकरी झालेला. मोठ्या ड्रमला लाकडी कड्या, पायाखालच्या पेडलला चामड्याचा पट्टा. एका झांजेच्या काठाला गेलेली चीर पुढे पळू नये म्हणून तेवढा तुकडाच कापून काढलेला. मी फोटो काढून भाऊजींना पाठवला. लगेच फोन आला. “निवांत! निवांतचा सेट!” एवढंच परत परत. शेवटी बहिणीने फोन हातात घेतला आणि विचारलं, “अरे, काय दाखवलंस यांना? खाली बसलेत.”

कपाट होत आलं तेव्हा चहा पिताना काका म्हणाले, “मिस्त्री, हा सेट मी विकणार नाही. आमचं ते गाजलेलं गाणं जो नीट वाजवेल, त्याला असाच देऊन टाकीन. मी ते कायम सेटच्या मागे बसून ऐकलंय. एकदा समोर बसून ऐकायचंय.”

मी कप खाली ठेवायचीही वाट पाहिली नाही. “माझे भाऊजी आहेत ना!” म्हटलं. “तुम्हीच वाजवताय असं वाटेल!”

सगळा आगाऊपणा माझा. भाऊजींना यात दोष देता येणार नाही.

रविवारी सकाळी भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. बहिणीने बजावून पाठवलं होतं की सेट मिळाला तर क्लासमध्ये ठेवायचा, घरात आणायचा नाही. पण तिने हॉलमधली टीपॉय आधीच सरकवून ठेवली होती. भाऊजी वाटभर मांडीवर बोटांनी तेच गाणं वाजवत होते. या माणसाला आयुष्यात दुसरं काही नको होतं, हे मला त्या दिवशी स्पष्ट दिसलं.

काका समोर खुर्ची टाकून बसले. भाऊजींनी सेटला हात लावून नमस्कार केला, खिशातून स्वतःच्या काठ्या काढल्या आणि वाजवायला सुरुवात केली. काय वाजवलं! डोकं डावीकडे कललेलं, तोंड अर्धवट उघडं, हुबेहूब निवांत. डावा हात दर वेळी तसाच मागून येत होता. आलो आलो. मी अभिमानाने काकांकडे पाहिलं आणि माझं हसू तोंडातच राहिलं. काकांचा चेहरा पडला होता. ते उठून उभे राहिले.

“कोणी सांगितलं तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“काय, सर?”

“माझ्या हाताचं.”

“सांगायला कशाला हवं!” भाऊजींना वाटलं, शाबासकीच आहे. “सगळी दुनिया ओळखते हा हात. मी तर पोरांना पहिल्या दिवसापासून हाच शिकवतो.”

काका सावकाश खाली बसले. डावा पंजा मांडीवर उताणा ठेवला आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट दाखवलं. “ही दोन बोटं मेलेली आहेत. बँडच्या आधी मी छापखान्यात होतो, रोलरमध्ये हात गेला. काठी धरलीय की सुटलीय ते कळत नाही, म्हणून रबर. ड्रम सरळ ठेवला तर काठी काठावर आपटते, म्हणून तिरका. बँडमध्ये बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस आणला असता. घरात ही सोडून कुणाला माहीत नाही. आमची एकही रेकॉर्ड मी घरात ठेवलेली नाही. लागली की मला फक्त तो चुकलेला हात ऐकू येतो. जन्मभर लाजेने लपवलं हो मी. आणि तुम्ही ते पोरांना शिकवता?”

भाऊजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, फरशी दुभंगली तर बरं. या माणसाच्या व्यंगाची नक्कल करायला मी त्याच्याच घरी माणूस आणला होता.

काकाच मग सावरले. “जाऊ द्या. तुमचा हात तर धडधाकट आहे ना? मग एकदा सरळ वाजवा. वेळेवर. मला तेच ऐकायचं होतं.”

भाऊजींनी काठीवरचं रबर सोडलं, ड्रम सरळ केला आणि सुरुवात केली. पाय वेळेवर, उजवा हात वेळेवर. डावा उशिरा. ते थांबले. कपाळ पुसलं. पुन्हा सुरुवात केली. मला ड्रममधलं कळत नसलं तरी ठोका कळतो. डावा उशिराच. ओठ चावून, हाताकडे टक लावून, गाण्याचा वेग निम्मा करूनही पाहिलं त्यांनी. हात काही ऐकेना. इतकी वर्षं त्याला जे पढवलं तेच तो बोलत होता.

काका जवळ आले. आवाज एकदम मऊ झाला होता.

“तुमच्या हाताला काय झालंय?”

काही झालं नव्हतं. परवाच त्या हाताने त्यांनी आमच्याकडचा फ्रिज जिन्यावरून वर चढवला होता. भाऊजींनी हाताकडे पाहिलं, सेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि मान खाली घालून हलवली. हो म्हणून.

“सांगायला लाज वाटते. मला कळतं,” काका म्हणाले. “कधी झालं?”

भाऊजी सोडलेलं रबर पुन्हा काठीला गुंडाळू लागले. काका माझ्याकडे वळले. “मिस्त्री, कधी झालं हो?”

खरं सांगायला मला एक क्षण पुरला असता.

“लहानपणी,” मी म्हणालो. “दारात सापडला.”

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी आत हाक मारली, “अगं, बाहेर ये! यांचाही हात माझ्यासारखाच आहे.” काकू पदराला हात पुसत आल्या. काका सांगत होते, “इतकी वर्षं वाटायचं, आपण एकटेच. सरळ वाजवणारे काय, शंभर मिळतील. घेऊन जा हा सेट. आता आणखी काही वाजवून दाखवायचं नाही.”

मी टेम्पो बोलावला. भाऊजींच्या तोंडावर आनंदाचा मागमूस नव्हता, आणि तरी नको म्हणायचं त्यांना सुचलं नाही. मलाही नाही. सगळ्यात शेवटी तो मोठा ड्रम राहिला. भाऊजींनी वाकून त्याला हात घातला तसे काका धावत आले.

“अहो, त्या हाताने नको! ठेवा, ठेवा, दुखेल.”

आणि काकांनी तो भाऊजींच्या हातून काढून घेतला. छातीशी कवटाळला. डाव्या हाताची ती दोन बोटं लाल चमकीवर नुसतीच ताठ उभी होती. पायाने एकेक पायरी चाचपत ते जिना उतरू लागले. मी पुढे झालो तर म्हणाले, “तुम्ही यांना सांभाळा, मिस्त्री. आणि बाजूला व्हा जरा, लागेल.”

आम्ही दोघे बाजूला झालो.