साफ करताना झालेले मृत्यू

सोमवारी आरोग्य कार्यालयात आकडेताई आपल्या आणि शेजारच्या विभागाचे गेल्या पाच वर्षांचे तक्ते ताडून पाहत होती. आकडेवारीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणूनच हे नाव. दोन्हीकडे लोकसंख्या सारखी, घरोघरच्या बंदुका सारख्या, बंदुकीने झालेले मृत्यूही जवळपास तेवढेच. शेजारी मात्र बहुतेक आत्महत्या. आपल्याकडे आत्महत्या शून्य आणि ‘बंदूक साफ करताना अपघात’ एकोणीस. शेजारी असे अपघात दोनच.

“आपली माणसं भारीच टापटिपीची,” साहेब म्हणाले. सगळे हसले. ताईला हसू आलं नाही.

त्या एकोणिसांतली एक नोंद तिच्याच हातची होती. तिच्या दादाची. दोन वर्षांपूर्वी आईने तिच्यापुढे पदर पसरला होता. लोक नावं ठेवतील, वहिनीला जगणं नको होईल, आणि लिहिणारी तर तूच आहेस. एका नोंदीने काय बिघडतं, असं तेव्हा तिला वाटलं. इतर अठरा घरांनाही तसंच वाटलं असणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपण सगळेच शिकलोय.

शेजारी आत्महत्येची नोंद झाली की समुपदेशक बाई घरी जातात, मागे राहिलेल्यांशी बोलतात, बंदूक जमा करून घेतात. इकडे शून्य, म्हणून इकडे बाईंची नेमणूकच नाही. दादाची बंदूक चौकशी संपताच घरी परत आली होती. ती बाबांच्या कपाटात आहे, हे ताईला आठवलं. आपणच ती तिथे ठेवली, असं तिला वाटलं. ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली.

आई ओट्यापाशी भांडी पुसत होती. बाबा कुठे आहेत, ताईने विचारलं.

“आत. बंदूक साफ करतायत.”

बोलून गेल्यावर आईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

बाबा पलंगावर बसले होते. बंदूक मांडीवर, शेजारी फडक्याची घडी, न मोडलेली. ताई त्यांच्याजवळ खाली बसली.

“बाबा, दादा साफ करत नव्हता. मी खोटं लिहिलं.”

“माहीत आहे,” बाबा म्हणाले. “मला कोणी विचारलंच नाही, पोरी.”

त्यांनी बंदूक ताईच्या हाती दिली. आईने कोणी न सांगता कपाटाची किल्लीही तिला आणून दिली, आणि बाबांच्या शेजारी बसून ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

दुसऱ्या दिवशी ताईने आपला खोटेपणा लेखी कबूल केला, शिक्षा होईल ती मान्य म्हणून. तक्त्यात शून्याच्या जागी एक आला. उरलेल्या अठरा घरांचे पत्ते तिने पिशवीत घातले. त्या घरांतही कोणीतरी फडक्याची घडी शेजारी ठेवून बसलेलं असेल.