फिनेलची बाजू

आमच्या घरात त्या सकाळी भांडण पेटलं ते वासावरून.

"हा गोठा आहे की मुतारी?" आई नाक दाबून ओरडली. "गाईंनी केलं असतं तर समजले असते. पण माझ्या पोटच्या पोरीनं मातीला युरिया पाजून पाजून घर नासवलं!"

"अगं आई, वास येतोय म्हणजे काम चाललंय!" मी टुणकन उडी मारली. मला खरंच नाचावंसं वाटत होतं.

गोठ्याच्या मागं पुरुषभर उंच दरड आहे. निव्वळ चिकणमाती. उन्हात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस लागला की ती फुगून खाली यायला बघते. गेल्या वर्षी तिनं गोठ्याची मागची भिंत वीतभर आत ढकलली होती. यंदा आली तर गोठाच घेऊन जाणार होती, आणि आत आमच्या दोन गाई, त्यातली एक गाभण. दगडी बांध घालायचा तर दगड यायलाच निम्मा पावसाळा सरेल, असं शेजारचे गवंडीमामा सांगून मोकळे झाले होते.

मग मला विज्ञानाच्या बाईंचा धडा आठवला. मातीत तिचे स्वतःचे जंतू असतात. त्यांना युरिया आणि कॅल्शियमचा क्षार खाऊ घातला की ते कणाकणांमध्ये चुनखडी तयार करतात आणि माती बांधली जाते. "चिकणमातीवर मी स्वतः कधी केलेलं नाही हं," बाईंनी स्पष्ट सांगितलं, पण क्षाराची पिशवी दिली. मी दोन ढेकळं बादलीत सोडून बाबांना दाखवली. साधं ढेकूळ बघता बघता गाळ झालं. महिनाभर खाऊ घातलेलं तसंच बसून राहिलं, रुसलेल्या पाहुण्यासारखं. बाबा बोलत नाहीत फारसे. त्यांनी पहार आणून माझ्या हातात दिली.

पाच आठवडे मी वीतवीत अंतरावर भोकं पाडली आणि तांब्यानं धार सोडत राहिले. चिकणमाती पाणी पिते तेसुद्धा मेहेरबानी केल्यासारखं. हाताला फोड आले. पोरी मला 'मातीची मावशी' म्हणू लागल्या. म्हणोत!

पण माझी एक चूक झाली. घरात मी 'जंतू' हा शब्द वापरला.

त्या भांडणाच्याच दिवशी शाळेतून आले तर वास गायब. दरडीच्या डाव्या अंगावरून पांढरंफट पाणी ओघळत होतं आणि आई खराटा धुत होती, प्रसन्न चेहऱ्यानं.

"काय केलंस तू?"

"दोन डबे फिनेल ओतलं, भोकाभोकांत. तूच म्हणालीस ना जंतू झालेत? गाभण गाय आहे तिथं! तिसरा डबा नव्हता म्हणून उजवी बाजू राहिली."

"आई, मेले गं सगळे!"

"मेलेच पाहिजेत! त्यासाठीच ओततात ते."

मी ढसाढसा रडले. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "परत वाढतील, पण वेळ लागेल." चुनखडी आत्ता कुठं धरायला लागली होती, आणि वेळच तर नव्हता. उजव्या बाजूला मी धार सोडत राहिले, पण चार दिवसांत आभाळ भरलं आणि पाऊस असा लागला की थांबायचं नाव नाही.

तिसऱ्या दुपारी गाय वेणा देऊ लागली, आणि नेमकी तेव्हाच दरडीच्या माथ्यावर भेग उघडली. दुसऱ्या गाईला आईनं ओसरीवर आणलं. पण हिला त्या पावसात चिखलातून बाहेर काढणं शक्यच नव्हतं. उठवून दहा पावलं सरकवता आली असती, एवढंच.

डोक्यावर पोतं घेऊन गवंडीमामा धावत आले. "डावीकडं घ्या! उजवीकडं दरड उंच आहे, ती आधी येणार. तीस वर्षं भिंती बांधतोय मी."

"नाही बाबा, उजवीकडं!" माझा आवाज चिरकला.

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. "खात्री आहे?"

"नाही," मी म्हणाले. "पण डावीकडचे मेलेत, एवढं नक्की."

"पोरीच्या शब्दावर गाय घालवणार का दादा?" मामा ओरडले. बाबांनी दावं सोडलं आणि गाईला उजवीकडं वळवलं. मी मागून ढकलत होते.

मोठा आवाज झालाच नाही. कुणीतरी भलं मोठं पोतं रिकामं करावं तसं झालं. डावी बाजू आली. भिंत, खांब, गव्हाण, सगळं छातीभर चिखलाखाली गेलं. उजवीकडून चार ढेकळं सुटून गाईच्या पाठीवर आदळली, आणि दरड थांबली. बाबांनी गाईच्या मानेवरचा हात काढला नाही.

तासाभरानं वासरू झालं. पाऊसही जरा ओसरला. अर्धा गोठा नव्हता आणि पावसाळा अजून तीन महिने होता. मामांनी उजवीकडची माती नखानं खरवडून पाहिली. "हिचीसुद्धा हमी नाही बरं का," ते म्हणाले, पण हळू आवाजात.

आई गुडघाभर चिखलात उभी राहून गाडल्या गेलेल्या गव्हाणीकडं बघत होती. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर मला जवळ घेईल. तिनं दोन्ही केलं नाही. हात पुसले आणि माझ्यावर खेकसली, "युरियाचा डबा कुठं ठेवलास?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? या बाजूचे तीन दिवस उपाशी असतील की."